डॉक्टरांची अळणी पेज

डॉक्टरांच्या हातच्या पेजेइतका वाईट पदार्थ मी जन्मात खाल्लेला नाही. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत हे मला कळतं, पण मी माणसाला ठेवत नाहीये, पेजेला ठेवतेय. आज ते असते तर झोपाळ्यावरून पुढं वाकून त्यांनीच विचारलं असतं, "आणखी सांग गो, आणखी काय वाईट होतं?" तर सांगते. तांदूळ उकडे, जुने, चांगले असायचे. पण पेज खाली करपलेली, वर नुसतं पाणी आणि मध्ये गोळे. शिवाय अळणी. मिठाचा कण म्हणून नाही.

ती पेज मी वर्षभर दर मंगळवारी खाल्ली आणि ती वाईट आहे हे मला कळलंच नाही. तेच माझं दुखणं होतं.

आमच्या रत्नागिरीत वेड्यांचं इस्पितळ पूर्वीपासूनचं. डॉक्टरांची सगळी नोकरी तिथं झाली. पेन्शन घेतल्यावर माणूस काशीला जातो, नाहीतर सुनांच्या मागे लागतो. ह्यांना मूलबाळ नव्हतं, बायको कधीच वारलेली, आणि काशीला गेले असते तर तिथल्या पंड्यांनाच तपासत बसले असते. त्यांनी झाडगावातल्या आपल्या घराच्या पडवीत माणसं बघायला सुरुवात केली. ज्यांना इस्पितळात ठेवण्याइतकं झालेलं नाही, किंवा जी तिथून बरी होऊन आली पण घरात अजून रुळली नाहीत, अशी माणसं आठवड्यातून एकदा यायची. तिथली खाट ज्याला लागते त्याला मिळू दे, बाकीच्यांना माझी पडवी आहे, असं ते म्हणायचे.

पोशाख बघण्यासारखा. वर काळा अल्पाकाचा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि खाली पंचा. मला पहिल्यांदा नेलं तेव्हा सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या होत्या, की हे आपल्याला बरं करणार की ह्यांनाच कुणी बरं करायचंय? मला हसू यावं म्हणून म्हणाल्या त्या. मी हसले नाही आणि त्यांचा चेहरा उतरला, तेवढं मात्र आठवतंय.

माणूस पक्का शाकाहारी, मासळीचा वाससुद्धा सोसायचा नाही. पण रोज सकाळी नाकाला उपरणं लावून मिरकरवाड्यात हजर. होड्या लागल्या की तिथं जो कालवा होतो तो ऐकायला जायचे. भाव विचारायचे, नाकं मुरडायचे, घ्यायचे काही नाहीत, आणि मग कोळणी जे काय बोलायच्या ते अगदी भजन ऐकावं तसं मान डोलवत ऐकायचे. "घ्यायचा नाय काय नाय, नि रोज कशाला येताव वो?" असं एकीनं विचारलं, तर म्हणाले, तुम्ही सगळ्या धड आहात ना ते बघायला येतो. त्यांच्या मते अख्ख्या रत्नागिरीत तेवढी एकच जागा ठणठणीत होती. तिथं कुणी कुणाला पोटात ठेवून काही बोलत नाही.

आणि ह्या वेडेपणातूनच त्यांना एक रोगी सापडला. एक कोळीण रोज त्यांना चार शिव्या दिल्याशिवाय सोडायची नाही. एक दिवस तिनं मान खाली घालून, हवं ते घ्या, द्याल ते द्या, असं म्हटलं. डॉक्टर तिथंच ओल्या वाळूत बसले आणि घरी काय झालंय ते विचारलं. नवरा तिचा तांडेल, होडीवरचा मुख्य. वादळात होडी उलटली, त्याच्या डोळ्यांदेखत भाऊ गेला, आणि तेव्हापासून तो घरात भिंतीकडे तोंड करून बसलेला. दुसऱ्या मंगळवारी तांडेल डॉक्टरांच्या पडवीत होता. पुढं तो पेजेला अशी काही नावं ठेवायला लागला की ऐकत राहावं.

आता त्या पडवीची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आलेल्या प्रत्येकाला, रोगी असो की बरोबरचा, करवंटीतून पेज मिळायची. सगळ्या जातीचं माणूस यायचं, विटाळाची भानगड नको म्हणून करवंटी. पेज प्यायची आणि ती माडाच्या मुळाशी टाकायची. लोकांना वाटे अळणी पेज हे पथ्य आहे. पथ्य कसलं आलंय, ती तपासणी होती. नाडी नाही, जीभ नाही, डॉक्टर झोपाळ्यावर बसून नुसते पिणाऱ्याचं तोंड बघायचे. जो मुकाट पितो तो आजारी. जो तोंड वेडंवाकडं करतो त्याला थोडं बरं. जो मीठ मागतो तो वाटेला लागला. आणि जो पेजेवरून सुरू होऊन डॉक्टरांच्या कोटापर्यंत पोचतो, त्याच्याकडे बघून ते असे खूश व्हायचे की जणू पोराचा परीक्षेचा निकाल लागलाय.

ह्यातलं ते कुठं लिहून ठेवत नसत. पडवीच्या खांबांवरच सगळा हिशेब. नवा माणूस गोठ्याकडच्या खांबापाशी, तिथं अंधार आणि शेणाचा वास. जरा सुधारला की डॉक्टर स्वतः त्याचा पाट उचलून मधल्या खांबाशी मांडायचे. मग पायरीजवळचा खांब. तिथून पायरी उतरली की सुटका. पडवी रस्त्यावरून दिसायची, त्यामुळे कोण कुठल्या खांबाला आहे हे गावाला डॉक्टरांच्या आधी ठाऊक. सासूबाई विहिरीवर गेल्या की बायका विचारायच्या, काय हो, सून कुठवर आली? आणि सासूबाई कळशी भरून गप्प यायच्या, कारण सून आपली गोठ्याकडेच.

मला काय झालं होतं ते सांगते. मुलगी झाली होती आम्हांला. रांगायला लागायच्या आत तापानं गेली. मी रडले नाही. सगळे म्हणाले धीराची आहे. मग लोकांच्या लक्षात आलं की मी बोलतही नाही, आणि सांगितलं तेवढं करते. बस म्हटलं की बसायची, जेव म्हटलं की जेवायची. दळायला बसवलं तर दाणे संपले तरी रिकामं जातं ओढत राहायची, सासूबाईंनी येऊन हात धरावा लागे. खारट, आंबट, गोड, सगळं मला ओल्या पिठासारखं लागायचं. आतून मला कसं वाटत होतं म्हणाल तर वाटतच नव्हतं काही.

आमच्या घरी सत्ता थोरल्या दिरांची, भावोजींची. सासरे नव्हते, आमचे हे मुंबईला गोदीत, वर्षातून दोनदा आगबोटीनं यायचे. भावोजी म्हणजे जेवणात मीठ एवढंसं इकडेतिकडे झालं की ताट भिरकावणार. भिंतीवर आमटीचे डाग होते, पुसले तरी जात नव्हते. माझ्यावर त्यांचा राग नव्हता, उलट मी गप्प असते म्हणून त्यांना बरंच होतं. पण त्यांचं म्हणणं असं, की भावाचा संसार असा किती दिवस चालणार. लांज्याला माझं माहेर. मला तिकडे पोचवावं, आणि भावाला दुसरी करून द्यावी. मुलगी त्यांनी बघूनही ठेवली होती. शिमग्याला भाऊ आला की ठरवायचं आणि पावसाळ्यात बोट बंद व्हायच्या आत लग्न उरकायचं. हे सगळं ते माझ्यासमोर बोलायचे, आणि मी तांदूळ निवडत बसलेली असायची.

सासूबाईंना मात्र ते नको होतं. त्यांचा माझ्यावर जीव होता. तांडेलानं मीठ मागितलं आणि त्याच दिवशी त्याचा पाट मधल्या खांबाशी गेला, हे त्या बाईनं बरोबर टिपलं. झालं. मग आठवडाभर माझी वेणी घालताना एकच जप. "पहिला घोट घेतलास की म्हण, मीठ नाही. काय म्हणायचं? मीठ नाही." मी आपली सांगितलेलं करणारी. मंगळवारी करवंटी हातात आली आणि मी घोट घ्यायच्याही आत म्हणाले, मीठ नाही.

आता नेमकं त्या दिवशी डॉक्टरांनी पेजेत मीठ घातलेलं. आदल्या मंगळवारी सासूबाई पेजेतल्या मिठाबद्दल त्यांना इतकं गोड गोड विचारत होत्या की त्यांना वास लागलाच. माझं 'मीठ नाही' ऐकून ते उठले. आत गेले, आणखी एक पाट घेऊन आले, गोठ्याकडच्या खांबाशी माझ्या शेजारी मांडला आणि सासूबाईंना म्हणाले, बसा, आजपासून तुमचीही तपासणी. सगळी पडवी हसली. तांडेल तर पोट धरून हसला. मग हसणं थांबल्यावर डॉक्टर सासूबाईंजवळ उकिडवे बसले. "तुमची माया आहे हो हिच्यावर, ती कळली मला. पण हिच्या तोंडात तुमचे शब्द घालू नका. हिचे हिला सापडू देत." सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यानंतर दर मंगळवारी माझ्या शेजारी पाटावर बसून त्याही अळणी पेज प्यायल्या, आणि दर मंगळवारी घरी जाताना पेजेला नावं ठेवत गेल्या.

सगळेच सुधारायचे असं नाही. एक शाळामास्तर होते, म्हातारे, सभ्य. ते पेजेला दर वेळी 'उत्तम' म्हणायचे आणि हात जोडायचे. त्यांचा पाट गोठ्याकडून कधी हललाच नाही. डॉक्टर दर मंगळवारी सगळ्यांत शेवटी त्यांच्याजवळ जाऊन बसायचे आणि तीच अळणी पेज त्यांच्याबरोबर प्यायचे. त्या वेळी कोटाची बटणं काढलेली असायची. मास्तर वारले तेव्हा डॉक्टर मिरकरवाड्यात बरेच दिवस गेले नाहीत, कोळणीच विचारत आल्या.

फाल्गुन लागला. शिमग्याच्या आधीच्या मंगळवारी भावोजी स्वतः पडवीत आले. त्यांना एकदाचं डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं, की ही बरी होण्यातली नाही. मग भावाला सांगायला तोंड मोकळं. सासूबाई माझ्या शेजारी बसून पदराचं टोक पिळत होत्या. पेज घेतल्याशिवाय बोलणं नाही हा तिथला नियम, तेव्हा भावोजींच्या हातातही करवंटी आली. त्यांनी पेज प्यायली. समोर सरकारी डॉक्टर, काळा कोट. भावोजींनी मिशा पुसल्या आणि म्हणाले, "वा. छान झालीय पेज."

माझ्या पोटातून काहीतरी वर आलं. राग होता तो. इतक्या दिवसांनी आला की मला ओळखूच येईना, वाटलं ओकारी येतेय. मी उठून उभी राहिले.

"भावोजी, घरी मीठ कमी पडलं तर ताट भिरकावता. ही अळणी आहे, करपलेली आहे, आणि छान म्हणता?"

तांडेलाची करवंटी तोंडाशीच राहिली. आमच्या घरी धाकट्याची बायको थोरल्या दिरासमोर उभीसुद्धा राहत नसे, आणि मी चारचौघांत बोलले. भावोजी आधी लाल झाले आणि मग त्यांना बरंच वाटलं, ते मला दिसलं. ते डॉक्टरांकडे वळून म्हणाले, बघा, ही ही अशी. आजवर निदान गप्प तरी होती, आता पार सुटलीच. तेव्हा तुम्ही स्पष्ट काय ते सांगून टाका.

"सांगतो," डॉक्टर म्हणाले. "आधी तुम्ही सांगा. पेजेत मीठ आहे?"

भावोजींनी करवंटीत बघितलं. आहे म्हणावं तर सगळी पडवी तीच पेज पिऊन बसलेली. नाही म्हणावं तर मी खरी ठरते. मला त्यांची कीव आली नाही, मुळीच नाही, मी मजेनं बघत होते.

"नाही," ते म्हणाले.

"करपलीय?"

"थोडी."

"मग हिनं खोटं काय सांगितलं?"

आणि तेव्हा माझी सासू, जिनं जन्मात ह्या मुलासमोर आवाज चढवला नव्हता, ती पाटावरून म्हणाली, "ताटाचं म्हणशील तर तेही खरंच आहे."

डॉक्टरांनी माझा पाट उचलला आणि पडवीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मधला खांब सोडून थेट पायरीशी मांडला. मग भावोजींना त्यांनी समजावून सांगितलं, की बरी झाली असं मी म्हणत नाही, पण आता वाटेला लागलीय. आता ही रडेल, ते रडू द्या. दुसऱ्या लग्नाचं मला विचारू नका, ज्याचं लग्न त्याला विचारा, आणि तो बोटीतून उतरला की आधी माझ्याकडे पाठवा.

मी रडले ते संध्याकाळी, चुलीपुढं. सासूबाईंनी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या मुलीचं नाव घेतलं, आणि मग आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. चूल पेटवायची राहिलीच. भावोजी त्या दिवशी उपाशी झोपले, आणि त्याचं मला अजून बरं वाटतं.

हे आले, मांडवीच्या बंदरावरून परस्पर डॉक्टरांकडे गेले. त्यांनाही पेज मिळाली. एक घोट घेऊन हे म्हणाले, डॉक्टर, मीठ घालायला विसरलात. डॉक्टरांनी नंतर मला सांगितलं, तुझा नवरा शहाणा आहे, तो बोलेल. आणि खरंच बोलले. घरी येऊन भावोजींना म्हणाले, "दादा, माझं एक लग्न झालंय." एवढंच. त्या मुलीचा विषय आमच्या घरात परत निघाला नाही.

पण पायरीजवळच्या खांबाशी मी अडकले ती अडकलेच. आता मला सगळं कळत होतं, चव कळत होती, तांडेलाच्या बरोबरीनं मी पेजेला नावं ठेवत होते. तरी डॉक्टर मला सोडीनात. दर मंगळवारी सासूबाईंना एकच विचारायचे, हिला कुणी ओरडलं का? सासूबाई अभिमानानं सांगायच्या, छे हो, घरात कुणी ब्र काढत नाही हिला. की डॉक्टर मान हलवायचे.

आणि होतंही तसंच. घरातले सगळे मला भीत होते. भावोजी माझ्या हातचं मुकाट जेवायचे. आमचे हे तर काचेच्या हंडीला हात लावावा तसे माझ्याशी बोलायचे. काहीही वाढलं तरी छान. भात गिच्च झाला तरी छान, भाकरी करपली तरी छान. मला इतकी चीड यायची. मी डॉक्टरांना म्हटलं, माझं काय राहिलंय आता, पाट उचला की माझा. तर म्हणाले, "तुझं काही राहिलं नाही. तुझ्या घराचं राहिलंय. ते भीत आहेत तोवर तू आजारीच."

सुट्टी संपत आलेली. बोटीला दोनतीन दिवस राहिले असतील. मी बांगड्याचं कालवण केलं होतं, आणि कुणाला सांगू नका, छान झालं होतं. ह्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. 'छान' हा शब्द ओठांवर आलेला मला दिसला. मग तो त्यांनी गिळला.

"अगो, किती मीठ घातलंयस? लक्ष कुठं असतं तुझं?"

सासूबाईंचा हात ताटातच राहिला. भावोजी दाराकडे बघायला लागले, लागलंच तर बाहेर पडायला बरं. मी पळी हातात घेऊन उभी. वर्षभरात माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं. मी म्हटलं, मीठ अगदी बरोबर आहे, विड्या ओढून ओढून तुमची जीभ गेलीय. त्यावर हे म्हणाले, जीभ माझी नाही, हात तुझा सुटलाय. मी त्यांच्या आत्यापर्यंत गेले, ते माझ्या मामांपर्यंत आले. मग ते तणतणत ओटीवर जाऊन बसले, आणि थोड्या वेळानं परत येऊन भात वाढ म्हणाले. मी वाढला, वर कालवण दुप्पट घातलं. रडत होते आणि वाढत होते. त्यांनी ते सगळं खाल्लं.

मंगळवारी मी सासूबाईंच्या आधी पडवीत शिरले. डॉक्टरांनी चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"ओरडले?"

"ओरडले. खारट झालं म्हणाले."

"झालं होतं?"

"नाही."

"मग?"

"मग मी भांडले."

डॉक्टर झोपाळ्यावरून उतरले. पायरीजवळचा माझा पाट उचलला, झटकला आणि भिंतीला उभा करून ठेवला. मग आत जाऊन पेज घेऊन आले. करवंटीतून नाही, वाडग्यातून, घरी आलेल्या माणसाला देतात तशी. समोर उभे राहून माझं तोंड बघायला लागले. मी घोट घेतला. त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम मीठ घातलं होतं.

जास्त झालं होतं. मी तसं सांगितलं.